दारूखान्यातून घेतलेली जुनी एअर बॉटल: रंग झकास, पोटात पाणी

दुकानाचं नाव देत नाहीये, कारण माणसाने शेवटी चूक निस्तरली, आणि तसंही दारूखान्यात, म्हणजे मुंबईतल्या जहाजांच्या जुन्या सामानाच्या बाजारात, अशी दुकानं ओळीने आहेत, नावावरून काही कळत नाही, मालावरूनच कळतं.

आमचा हार्बरमधला टग (मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी बोट) जुना, दोन मीडियम स्पीड इंजिनं, दोन्ही एअर स्टार्ट. ज्यांचा बोटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, एवढं धूड बॅटरी-सेल्फवर फिरवायचं म्हणजे केवढा सेल्फ लागेल, म्हणून ३० बारची हवा थेट सिलिंडरमध्ये सोडून पिस्टन ढकलायचा, इंजिन जरा फिरलं की डिझेल पेट घेतं आणि मग हवा बंद. ती हवा भरून ठेवायची टाकी म्हणजे एअर बॉटल. ३० बार म्हणजे कारच्या टायरमध्ये असते त्याच्या तेरा-चौदापट, त्यामुळे या वस्तूशी मस्करी नाही. आणि हवा साठवायची तीही हिशोबाने, कंप्रेसर बंद असताना नॉन-रिव्हर्सिबल इंजिनाचे ६ स्टार्ट निघाले पाहिजेत, उलट फिरणारं इंजिन असेल तर १२.

तर आमच्या २५० लिटरच्या दोन बॉटलपैकी एक थिकनेस गेजिंगमध्ये, म्हणजे पत्र्याची जाडी मोजतात त्यात, नापास झाली. तळाला पत्रा खाल्लेला. नवीन मागवली तर दोन महिने थांबा म्हणाले, किंमतही तशीच, मग शेठ म्हणाले दारूखान्यात चक्कर मारून या. रे रोडला उतरलो, सकाळपासून तीन दुकानं फिरलो, चौथ्यात ही मिळाली.

आधी जे चांगलं ते. नेमप्लेट ओरिजिनल आणि तिच्यावर रंग फासलेला नव्हता, वर्किंग ३० बार, टेस्ट ४५ बार, २५० लिटर, क्लासचा (जहाजं तपासून पास करणाऱ्या संस्थेचा) शिक्का, सगळं वाचता येत होतं. हे छोटं वाटेल पण निम्म्या दुकानांत प्लेटच गायब असते. हायड्रो टेस्ट माझ्यासमोर केली, पाणी गच्च भरून हातपंपाने ४५ पर्यंत नेलं, अर्धा तास काटा हलला नाही. टेस्ट पाण्यानेच का, तर पाणी दाबलं जात नाही, बॉटल फाटलीच तर चिळकांडी उडून प्रेशर शून्य, तेच हवेने केलं असतं तर आजूबाजूची चार दुकानं उठली असती. सेफ्टी व्हॉल्व्ह ३२ ला सेट करून सील मारून दिला. हेडवरचे, म्हणजे बॉटलच्या झाकणावरचे, व्हॉल्व्ह लॅप केलेले (घासून घट्ट बसवलेले), हाताने अगदी लोण्यासारखे फिरत होते. किंमत नवीनच्या निम्म्याहून कमी.

एक गोष्ट मात्र तिथेच खटकली, फ्युजिबल प्लगच्या जागी कुणीतरी साधा पितळी बोल्ट ठोकला होता. तो प्लग आगीत शंभर डिग्रीच्या जरा पुढे वितळून हवा सोडून देतो म्हणून असतो, त्याच्या जागी बोल्ट म्हणजे बॉटलचा बॉम्बच. दुकानाच्या चाचांना दाखवल्यावर "अरे साहब, ये तो ऐसेच आया था" म्हणून लगेच बदलून दिला. ठीक आहे.

माझी चूक इथे झाली. हेड बसवायच्या आधी आत टॉर्च मारून बघायचं ते राहिलं. जेवायची वेळ, टेम्पोवाला घाई करत होता, दुकानातलं पोरगं म्हणालं पूर्ण सुकवलीये साहेब, मी पण मान डोलावली.

बॉटल बसली. तपासायला आलेल्या सर्व्हेयरने दुकानाच्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, स्वतःसमोर परत टेस्ट करायला लावली, ती पण पास. मग जुलै सुरू झाला. मुंबईच्या पावसाळी हवेत दोन्ही बॉटल रिकाम्यापासून भरल्या तर अर्धा तांब्याभर तरी पाणी सुटतं, काही कंप्रेसरच्या कूलरवर, बाकी बॉटलमध्ये, म्हणून रोज सकाळी ड्रेन उघडून तळाचं पाणी सोडायचं. जुन्या बॉटलमधून ताकासारखं पांढरं पाणी यायचं, तेल आणि पाणी घुसळलेलं, आणि या दारूखान्याच्या बॉटलमधून नुसती फस्स करून कोरडी हवा. आमचा ऑइलमन, गुहागरचा, खुश. "साहेब, हिच्यात पाणीच नाय होत!"

मला ते चार दिवस गोड वाटलं, पाचव्या दिवशी डोक्यात आलं की कंप्रेसर एकच, हवा एकच, मग एकीलाच पाणी कसं. स्पॅनरने वरून खालपर्यंत टकटक करत गेलो. वर टणटण, तळाशी आल्यावर बद्द.

प्रेशर सोडून हेड काढलं. आमच्या बॉटल आडव्या, जरा उतार देऊन बसवलेल्या, हेडमधून ड्रेनची नळी आत तळापर्यंत जाते, ती गंजून तुटलेली, चार बोटं खुंट फक्त उरला होता. म्हणजे ड्रेन वरच्यावर हवा सोडत होता आणि खाली टेस्टचं पाणी, त्यावर महिन्याभराचं नवीन, सगळं तसंच. चेन ब्लॉक लावून तिरकी केली तर अर्धी बादली चहाच्या रंगाचं पाणी निघालं आणि वर तेलाची साय. हेच पाणी स्टार्टिंग लाइनमध्ये गेलं की सिलिंडरवरचे स्टार्ट व्हॉल्व्ह गंजून अडकतात, आणि तेल साचलेल्या लाइनमध्ये एखादा व्हॉल्व्ह लीक होऊन गरम गॅस मागे आला तर लाइन फुटते, माणसं गेलीत अशी. आम्ही स्टँडबायला (निघायच्या तयारीत इंजिन चालू असताना) सिलिंडर हेडजवळच्या हवेच्या पाइपला हात लावून बघतो, गरम लागला तर तो व्हॉल्व्ह आधी काढायचा.

दुकानात फोन केला. पहिलं उत्तर अपेक्षित, "हमारे यहाँ से तो ओके गया था". फोटो पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी फिटर स्टेनलेसची नळी घेऊन धक्क्यावर हजर, पैसे घेतले नाहीत, पण आमचा दीड दिवस गेला तो गेलाच. आत तळाला हलका गंज धरलेला, घासून घेतला, गेजिंग परत केलं, सुदैवाने पिटिंग, म्हणजे गंजाचे खड्डे, नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा फोटोनंतरच्या वागण्याचा. परत जाईन का, तर जाईन, पण जेवून जाईन आणि टॉर्च घेऊन. आता सकाळी दोन्ही बॉटल सारखंच ताक ओकतात, आणि ऑइलमन म्हणतो तुटकी नळीच बरी होती, फडकी कमी लागायची.