खारा कॉड आणावा की सुके बोंबीलच बरे?

आधी निकाल सांगते, मग कारणं. घरात दर पंधरा दिवसांनी सुकी मासळी होत असेल तर मिठात मुरवून वाळवलेल्या परदेशी कॉड माशाच्या नादी लागू नका. नागपूरच्या भोईपुऱ्यात किंवा ‘मंगळवारी’ बाजारात मिळणारे सुके बोंबील आणि सुकट यांतच तुमचं भलं आहे. पण वर्षातून एखाद्या वेळी, दोन दिवस हाताशी ठेवून, जाड पांढऱ्या पाकळ्या सुटणारा मासा आलूसोबत खायची हौस असेल, तर ते काम बोंबलाकडून होणार नाही.

माझ्याकडे कॉड आला तो लिस्बनला नोकरी करणाऱ्या भाचीच्या बॅगेतून. पाटीसारखा टणक, अंगावर मिठाचा पांढरा थर. पोर्तुगीज लोक त्याला बाकाल्याव म्हणतात आणि नाताळच्या आदल्या रात्री तो तिकडे घरोघरी शिजतो. गंमत म्हणजे हा मासा त्यांच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. उत्तर अटलांटिकचा मासा तो, बराचसा नॉर्वेहून येतो. म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसून सुकट खाणाऱ्या नागपूरकरांना हसायचा त्यांना काही हक्क नाही.

दोन्हींना आपण ‘सुकी मासळी’ म्हणतो, पण जात वेगळी. बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. वसई-वर्सोव्याकडे कोळी तो बांबूच्या मांडवावर जोडीजोडीने अडकवून उन्हात वाळवतात, बहुतेकदा मिठाशिवाय. कॉडचं मांस जाड आणि चरबी फार कमी, शिवाय उत्तर अटलांटिककडे उन्हाचा भरवसा नाही. म्हणून तो आधी मिठात मुरवतात, मग वाळवतात. तयार तुकड्याच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा मीठच असतं. त्या मिठाने मासा टिकतो, आणि मांसाची ठेवणही बदलते. ताज्या माशाचा भुगा होईल तिथे खाऱ्या कॉडच्या घट्ट, चावायला मऊ पाकळ्या सुटतात. पैसे द्यायचे ते या पाकळ्यांचे.

आणि पैसे बरेच द्यावे लागतात. इकडे मागवलात तर किलोमागे बोंबलाच्या कित्येक पट. एकेकाळी ही गरिबाघरची शिदोरी होती. मग उपसा इतका झाला की १९९२ साली कॅनडाला न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी बंद करावी लागली. अलीकडे नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड पकडण्याचा कोटाही उतरत चाललाय, २०२५ साठी नॉर्वे आणि रशियाने तो ३,४०,००० टनांवर आणला. भाव खाली येईल अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा भिजवण्याची. बोंबील डोकं-शेपूट काढून तव्यावर परतले, कोमट पाण्यात धुतले की अर्ध्या तासात वांग्यात पडतात. सुकट तर त्याहून सोपी, फक्त वाळू राहणार नाही एवढी चाळायची. कॉडला मात्र शेपटीकडच्या पातळ तुकड्यालाही एक दिवस लागतो, मधल्या जाड तुकड्याला दोन. पाणी दिवसातून तीन-चारदा बदलायचं, कातडीची बाजू वर ठेवायची. आणि हे सगळं फ्रिजमध्येच. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं, त्यात ओट्यावर भिजवलात तर मासा वाया गेलाच समजा. झाला की नाही हे बघायला मधला छोटा तुकडा काढून उकळून चाखा. मीठ कमी वाटलं तरी वरून घालायची घाई नको. शिजवतानाही मंद आंचेवर, खळखळ उकळला की चिवट होतो.

पहिल्यांदा मी हट्टाने सावजी रश्श्यात घातला. रस्सा झकास झाला, पण कॉड कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. इतक्या मसाल्यात बोंबील स्वतःचा आवाज राखतो, कॉड दबतो. दुसऱ्यांदा कांदा मऊ परतून, त्यात कॉडच्या पाकळ्या, आलूची बारीक तळलेली सळी आणि वरून फेटलेली अंडी घातली. पोर्तुगीज घरात असंच करतात. सळी मी उपवासाच्या पाकिटातली वापरली, देव माफ करो. ती खारी असते, तेव्हा बाकी कशातही मीठ घालू नका. पातेलं पुसून खाल्लं सगळ्यांनी.

वासाबद्दल कॉडला पूर्ण गुण. भिजल्यावर फारसा वास राहत नाही. सुकट भाजली की शेजारच्या काकू जिन्यातूनच विचारतात, “काय करून राहिली वो?” साठवणीत मात्र उलट. बोंबील कोरड्या बंद डब्यात राहतात, पावसाळ्याआधी एकदा ऊन दाखवायचं. कॉडचं मीठ जुलैच्या दमट हवेत पाणी ओढतं, त्यावर गुलाबी डाग आले तर तो टाकूनच द्यायचा. म्हणून तोही फ्रिजमध्ये. रक्तदाबवाल्यांनी कॉड टाळलेला बरा, कितीही भिजवला तरी थोडं मीठ मागे राहतंच.

मधली वाटही आहे. कोल्ड स्टोअरमधला बासाचा जाड तुकडा खड्याच्या मिठात दाबून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सुटलेलं पाणी फेका, धुवा, दोन-तीन तास साध्या पाण्यात भिजवा आणि त्याच दिवशी शिजवा. कॉडची सर येत नाही, पण पिळपिळीत बासा बराच घट्ट होतो आणि ती अंडं-आलूची भाजी बऱ्यापैकी जमते. पहिला प्रयोग यावरच करा.

तरीही कॉडच हवा असेल तर पाकिटावरचं जातीचं नाव वाचून घ्या. अटलांटिक कॉडचं नाव ‘गॅडस मोऱ्हुआ’. ‘पोलॉक’, ‘लिंग’ (ling) नावाचे त्याचे भाऊबंद मासेही खारवून त्याच थाटात विकले जातात. वाईट नाहीत, पण ते कॉडच्या भावाने का घ्यायचे? रंग फिकट सायीसारखा हवा, पिवळट नको. कोणी तिकडून येणार असेल तर ‘मधला जाड तुकडा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सगळी शेपटीच हाती येते. माझ्या भाचीने पहिल्यांदा तेच केलं होतं.