बॉक्स ऑफिस मोजो: देशोदेशीच्या ॲनिमेशनपटांची कमाई तपासण्यासाठी कितपत उपयोगी?

परभणी, नांदेड, लातूर या भागांत चित्रपटांच्या आर्थिक बाजूविषयी लिहिणारे आणि शिकवणारे फार नाहीत. जे आहेत त्यांना आणि वाणिज्य किंवा पत्रकारितेचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास पडतो, की कोणता चित्रपट कोणत्या देशात किती चालला हे विश्वासाने पाहायचे कुठे. या प्रश्नाला मी वर्गात बहुतेक वेळा बॉक्स ऑफिस मोजो या संकेतस्थळाचे नाव सांगतो. 1998 मध्ये सुरू झालेले आणि 2008 पासून ॲमेझॉनच्या आयएमडीबी या चित्रपट-माहितीच्या संकेतस्थळाकडे असलेले हे संकेतस्थळ मुख्यतः विनामूल्य आहे आणि बहुतेक मोठ्या चित्रपटांची देशवार कमाई तेथे मिळते. या लेखात मी ते फक्त ॲनिमेशनपटांच्या दृष्टीने तपासले आहे, कारण देशादेशांतील आवडीनिवडीचा फरक या प्रकारात जितका ठळक दिसतो तितका दुसऱ्या कोणत्याही प्रकारात दिसत नाही, असे माझे मत आहे.

एखाद्या चित्रपटाचे पान उघडले की वर तीन आकडे येतात: डोमेस्टिक, इंटरनॅशनल आणि वर्ल्डवाइड. येथेच पहिली खबरदारी घ्यावी लागते, कारण डोमेस्टिक या शीर्षकाखाली अमेरिका आणि कॅनडा हे दोन्ही देश एकत्र धरलेले असतात आणि बाकीचे सगळे जग, भारतासह, इंटरनॅशनलमध्ये जाते. त्याखाली युरोप-मध्यपूर्व-आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आशिया-पॅसिफिक आणि स्वतंत्रपणे चीन असे गट असून प्रत्येक देशाच्या ओळीत प्रदर्शनाची तारीख, पहिल्या आठवडाअखेरची कमाई आणि एकूण कमाई दिलेली असते. पाहणाऱ्यांची नजर शेवटच्या रकान्यावर खिळते. माझ्या मते या कोष्टकातला सर्वांत बोलका रकाना तारखेचा आहे.

‘इन्साइड आउट 2’ हे उदाहरण घेऊ. 2024 च्या या चित्रपटाने जगभरात सुमारे 170 कोटी डॉलर मिळवले, त्यांपैकी 65 कोटींच्या आसपास अमेरिका-कॅनडातून आले आणि बाहेरच्या देशांत पहिला क्रमांक मेक्सिकोचा लागला, जेथे कमाई 10 कोटी डॉलरांच्या पुढे गेली. लोकसंख्येने आणि उत्पन्नाने मोठ्या असलेल्या कितीतरी देशांना मागे टाकून मेक्सिको पुढे का, याचे उत्तर कोष्टकात लिहिलेले नाही. मात्र तारखा आणि शेजारचे आकडे एकत्र वाचले तर अंदाज बांधता येतो. लॅटिन अमेरिकेत असे चित्रपट स्थानिक ढंगाच्या स्पॅनिशमध्ये भाषांतरित होऊन येतात, त्या भाषांतराची तेथे कित्येक दशकांची परंपरा आहे आणि संपूर्ण कुटुंबाने मिळून चित्रपटगृहात जाण्याची सवय टिकून आहे. ‘कोको’ या 2017 च्या चित्रपटाची तारीख पाहावी: मृतांच्या स्मरणाच्या मेक्सिकन सणाच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, तो मेक्सिकोत लागला, अमेरिकेत मात्र जवळजवळ महिन्याने. मेक्सिकोच्या इतिहासात तोवर कोणत्याही चित्रपटाने इतकी कमाई केली नव्हती.

आता तोच तारखेचा रकाना आपल्या बाजूने वाचू. ‘इन्साइड आउट 2’ अमेरिकेत आणि भारतात एकाच दिवशी, 14 जून 2024 रोजी लागला. अमेरिकेत तो दिवस उन्हाळी सुटीच्या आरंभीचा असतो. मराठवाड्यात मात्र त्याच सुमारास शाळा उघडतात, वह्या-पुस्तके आणि गणवेश यांची खरेदी चाललेली असते आणि मृगाचा पाऊस झाला असेल तर घरातला हातचा पैसा बी-बियाणे आणि खतांकडे वळलेला असतो. मुलांचा चित्रपट घेऊन येण्यासाठी याहून गैरसोयीचा आठवडा आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही. जपानमध्ये याच चित्रपटाची तारीख 1 ऑगस्ट आहे, कारण तेथील शाळांची उन्हाळी सुटी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते आणि वितरक त्या सुटीची वाट पाहतात. आपल्या मुलांच्या सुटीची वाट कोणी पाहत नाही. एप्रिलअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ, जो येथे कुटुंबाने चित्रपट पाहण्याचा खरा काळ आहे, त्यात परदेशी ॲनिमेशनपट क्वचितच पडतो. ही गोष्ट मला या संकेतस्थळामुळेच स्पष्ट दिसली आणि त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

संकेतस्थळाची सर्वांत मोठी मर्यादा डॉलर ही आहे. सगळ्या देशांची कमाई त्या त्या वेळच्या विनिमय दराने डॉलरमध्ये दाखवली जाते. ‘फ्रोझन’ 2014 मध्ये जपानमध्ये सुमारे 2,550 कोटी येनांचा धंदा करून गेला, त्याचे तेव्हाच्या भावाने 25 कोटी डॉलरच्या आसपास झाले. डॉलरला 150 येन हा अलीकडचा भाव धरला तर तेवढ्याच येनांचे 17 कोटी डॉलर होतात. प्रेक्षक तेवढेच, तिकिटे तेवढीच, आणि आकडा तिसऱ्या हिश्श्याने खाली. त्यामुळे जपानमधील दोन वेगवेगळ्या दशकांतील चित्रपटांची तुलना या पानावरून करूच नये. ती येनमध्येच करावी लागते. 2001 मध्ये आलेल्या ‘स्पिरिटेड अवे’ने 3,000 कोटी येनांचा टप्पा ओलांडला आणि तो विक्रम 19 वर्षे अबाधित राहिला; 2020 च्या ऑक्टोबरमध्ये लागलेल्या ‘डेमन स्लेयर: मुगेन ट्रेन’ने तो मोडला, तोही महासाथीच्या वर्षात, आणि पुढे 4,000 कोटी येनांचा टप्पाही ओलांडला. दुसरीकडे, ‘स्पिरिटेड अवे’ अमेरिकेत पहिल्या वेळी लागला तेव्हा त्याला जेमतेम 1 कोटी डॉलर मिळाले होते, जरी 2003 मध्ये त्याने ऑस्कर मिळवले. एका देशात सर्वकालीन विक्रम आणि दुसऱ्या देशात मोजक्या पडद्यांवरचा चित्रपट, ही तफावत मात्र मोजोच्या एकाच पानावर समोर येते आणि ती पाहण्यासारखी आहे.

त्याहून टोकाचे पान ‘न झा 2’चे आहे. 29 जानेवारी 2025 रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशी, हा चित्रपट चीनमध्ये लागला आणि 200 कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडणारा जगातील पहिला ॲनिमेशनपट ठरला. एवढ्या रकमेतील जवळजवळ सगळा पैसा एकट्या चीनच्या ओळीत आहे; तेथे 30 कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. अमेरिका-कॅनडाची ओळ 2 कोटी डॉलरांच्या आसपास थांबते. जागतिक यादीत वरचे स्थान आणि जगभर लोकप्रियता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. न झा ही तेथील घराघरात ठाऊक असलेल्या पुराणकथेतील बालदेवता आहे, सणाची सुटी आहे, आणि भाषा प्रेक्षकांची स्वतःची आहे. हे तिन्ही जुळून आल्यावर अमेरिकेच्या बाजारपेठेचीही गरज उरली नाही.

कमाई म्हणजे नफा नव्हे, ही बाब संकेतस्थळ कोठेही समजावून सांगत नाही. तिकीटबारीवर जमलेल्या रकमेतून चित्रपटगृहाचा, वितरकाचा आणि कराचा वाटा वजा होतो आणि तो प्रत्येक देशात वेगळा असतो. अमेरिकेत निर्मिती संस्थेकडे साधारणतः निम्मी रक्कम पोहोचते. चीनमध्ये वाटणीच्या तत्त्वावर आलेल्या परदेशी चित्रपटाला 25 टक्के मिळतात. ‘कुंग फू पांडा 3’ हा 2016 चा चित्रपट चिनी कंपनीच्या भागीदारीत तयार झाला, तो यामुळेच, कारण सहनिर्मिती असेल तर वाटा वाढतो. त्यासाठी पात्रांच्या ओठांच्या हालचालीही मँडरिन संवादांप्रमाणे स्वतंत्रपणे केल्या गेल्या होत्या. म्हणून चीनच्या ओळीतील 15 कोटी डॉलर आणि अमेरिकेच्या ओळीतील 15 कोटी डॉलर हे कागदावर सारखे असले तरी बनवणाऱ्याच्या खिशात सारखे पडत नाहीत.

लहान देशांच्या बाबतीतही हे कोष्टक अपुरे पडते. लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा एकही संवाद नसलेला चित्रपट 2025 मध्ये ऑस्करचा मानकरी ठरला. लॅटव्हियाची लोकसंख्या 19 लाखांहून कमी, म्हणजे आपल्या एकट्या लातूर जिल्ह्यापेक्षाही कमी आहे, आणि तेथील चित्रपटगृहांत अडीच लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. त्या देशात आजवर कोणताही चित्रपट इतक्या लोकांनी पाहिलेला नाही. डॉलरच्या यादीत ही रक्कम कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच डॉलरच्या जोडीला प्रेक्षकसंख्या हवी होती. दक्षिण कोरियाच्या फिल्म कौन्सिलची कोबिस ही सरकारी यंत्रणा दररोज प्रत्येक चित्रपटाची तिकिटे मोजून जाहीर करते, आणि ‘फ्रोझन’ तेथे 1 कोटीहून अधिक प्रेक्षक मिळवणारा पहिला ॲनिमेशनपट ठरला हे त्यामुळेच नेमके सांगता येते. फ्रान्समध्येही यश तिकिटांच्या संख्येत मोजण्याची पद्धत आहे. मोजो वापरणाऱ्याने कोबिसची जोड जरूर द्यावी.

भारताच्या बाबतीत मी सर्वांत असमाधानी आहे. भारतीय चित्रपटांची माहिती तेथे विरळ आहे आणि आपल्याकडे तिकिटे मोजून जाहीर करणारी कोबिससारखी सार्वजनिक व्यवस्थाच नसल्याने दोष एकट्या संकेतस्थळाला देता येत नाही. आपले व्यापारी विश्लेषक करपूर्व रकमेला ग्रॉस आणि कर वजा जाता उरलेल्या रकमेला नेट म्हणतात. वृत्तपत्रांत बहुधा नेट छापले जाते, परदेशी कोष्टकांत ग्रॉस असते, आणि दोन्ही शेजारी ठेवून चुकीचे निष्कर्ष काढले जातात. शिवाय भारत ही तेथे एकच ओळ आहे. चित्रपट व्यवसायात देशाची वाटणी जुन्या सर्किटांप्रमाणे, म्हणजे वितरणाच्या विभागांप्रमाणे, होते, आणि राज्यपुनर्रचनेनंतर इतकी वर्षे लोटली तरी मराठवाडा आजही निजाम सर्किटमध्ये मोजला जातो. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडमध्ये काढलेले तिकीट मुंबईच्या नव्हे तर हैदराबादच्या खात्यात जमा होते. मराठी मुलांनी किती तिकिटे काढली हे त्या हिशेबातून वेगळे निघतच नाही, आणि जे वेगळे निघत नाही त्याचा विचार वितरणाच्या बैठकीत होत नाही.

याचा परिणाम भाषेवर दिसतो. ‘फ्रोझन 2’ भारतात इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. त्याच चित्रपटाचे उत्तर सामी भाषेतही ध्वनिमुद्रण झाले, जी भाषा नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधील वीस-पंचवीस हजार लोकच बोलतात, कारण तेथील मूळनिवासी सामी लोकांच्या संसदांनी निर्मात्यांशी तसा करार केला होता. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून अधिक होते, आणि आपल्या मुलांना तो हिंदीत पाहावा लागला. बीड-हिंगोलीकडील सहा-सात वर्षांच्या मुलाला हिंदी संवाद पूर्ण समजत नाहीत, ते शेजारी बसलेल्या आईला सारखे विचारत राहते, आणि आईचेही निम्मे दृश्य निसटते. हे मी येथील एका चित्रपटगृहात पाहिले आहे, जेथे मुलांच्या चित्रपटाला सकाळचा एकच खेळ दिलेला होता.

तरीही प्रेक्षक येथे आहेत, याचा पुरावा 2025 मध्ये मिळाला. 25 जुलैला, श्रावणाच्या पहिल्या दिवशी लागलेल्या ‘महावतार नरसिंह’ची सुरुवात पहिल्या दिवशी 2 कोटी रुपयांच्याही आत (नेट) झाली, पुढे तोंडी प्रसिद्धीवर खेळ वाढत गेले आणि जगभरातील एकूण कमाई 300 कोटींच्या (ग्रॉस) पुढे गेली. कोणत्याही भारतीय ॲनिमेशनपटाने याआधी इतका पल्ला गाठला नव्हता. परभणी जिल्ह्यातील पोखर्णीचा नृसिंह ज्यांचे कुलदैवत आहे अशा घरांत ही कथा नव्याने सांगावी लागत नाही. चीनमध्ये न झाच्या बाबतीत जे झाले त्याच्याशी याचे नाते उघड आहे: परिचित कथा, योग्य मुहूर्त, घरच्यांनी मिळून पाहणे. फक्त भाषेचा धागा आपल्याकडे सुटला, कारण तो हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांत आला आणि त्यात मराठी नव्हती.

वापरण्याच्या दृष्टीने सांगायचे तर संकेतस्थळ पूर्णपणे इंग्रजीत आहे, पण कोष्टके सोपी असल्याने अकरावी-बारावीच्या मुलांनाही अडचण येत नाही. चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला असेल तर मूळ प्रदर्शन आणि नंतरची प्रदर्शने वेगळी पाहण्याची सोय आहे. ती निवडल्याशिवाय जुन्या चित्रपटांचे आकडे उतरवून घेऊ नयेत. काही सखोल सुविधा 2019 च्या फेरबदलानंतर सशुल्क आयएमडीबीप्रोकडे गेल्या आहेत, परंतु महाविद्यालयीन प्रकल्पासाठी विनामूल्य भाग पुरेसा आहे. देशवार तारखा आणि एकाच वर्षातील चित्रपटांची तुलना यांसाठी मी ते निःशंकपणे सुचवेन. जपानसाठी येनमधील आकडे आणि कोरियासाठी कोबिस शेजारी उघडे ठेवावे. भारतीय चित्रपटांसाठी मात्र या संकेतस्थळावर विसंबून राहू नये, आणि कोणताही भारतीय आकडा उतरवून घेताना तो ग्रॉस आहे की नेट हे त्याच ओळीत लिहून ठेवावे.