गुन्हे आणि विज्ञान: किशोरांसाठीची पुस्तकं वर्षभर फिरवल्यावर

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या जूनमध्ये फॉरेन्सिक सायन्सवरची, म्हणजे गुन्हे शोधायच्या विज्ञानावरची, थोडी पुस्तकं घेतली. काही मराठी अनुवाद, काही बेळगावातून आणलेली इंग्रजी. वाचणारी आठवी ते एसएसएलसीची, म्हणजे दहावीची पोरं.

सगळ्यात जास्त फिरलं ते ठशांचं पुस्तक. पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडायचं, पुडीत बोट घासायचं, त्यावर चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर डकवायची. रेघ न् रेघ दिसते. आठवड्याभरात आमच्या रजिस्टरवरही शंख-चक्रं उमटली. पण यात ठशांच्या वर्गीकरणाचं सगळं श्रेय एकट्या एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला. 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय निघालं, तिथं ठसे 1024 कप्प्यांत लावायचं गणित बसवणारे अझीझुल हक आणि त्यांच्या जोडीचे हेमचंद्र बोस यांचा पत्ताच नाही. आपल्या मुलांसाठी छापताना एक ओळ घालायला काय हरकत होती?

नवीन पुस्तक आलं की मी आधी शोधतो, विज्ञान कुठं फसलं ते दिलंय का. 2004 च्या माद्रिद स्फोटांत ठसा जुळला म्हणून एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं तिथल्या एका वकिलाला धरलं आणि ठसा निघाला भलत्याचाच. असलं काही असेल तर पुस्तक घ्यावं. ल्युमिनॉल (रक्ताचे डाग शोधायला फवारायचं रसायन) मारलं की चमकतं ते रक्तच, असं ठोकून दिलं असेल तर राहू द्या; ब्लीचनंही चमकतं.

डीएनएच्या पुस्तकातलं इंग्लंडचं प्रकरण मात्र झकास लिहिलंय. सतरा वर्षांच्या पोरानं खुनाची कबुली दिलेली, डीएनए चाचणी शोधणारे शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांच्या चाचणीनं तो सुटला. मग आसपासच्या पुरुषांचं रक्त तपासायला घेतलं, तेव्हा खऱ्या खुन्यानं आपल्या जागी सोबत्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. सोबती दारूच्या गुत्त्यात बोलून गेला म्हणून खुनी सापडला. दहावीतली एक मुलगी विचारते, "काका, केलंच नव्हतं तर कबूल कशाला झाला?" यावर पुस्तक गप्प. संमतीशिवाय नार्को टेस्ट (गुंगीचं औषध टोचून केलेली चौकशी) करता येत नाही हा 2010 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, तोही आमच्याकडच्या एकाही पुस्तकात नाही. मुलांना वाटतं, सुई टोचली की माणूस खरं तेच बोलतो.

विषांवरचं एक पुस्तक मी कपाटातून काढलं. आर्सेनिक ओळखायची 1836 ची मार्श चाचणी छान समजावलीय, पण पुढं कोणतं विष किती आणि किती वेळात, याचा तक्ताच. इथं घरोघरी उसा-भाताची औषधं माळ्यावर असतात. कमिटीतले म्हणाले, "पोरं मोबाइलवर बघतातच की!" बघत असतील, वाचनालयानं हातात देऊ नये.

बांधणीचं म्हणाल तर नुसत्या डिंकाची पुस्तकं इथल्या पावसात पानं सोडतात. चार पैसे जास्त गेले तरी शिवलेली घ्या.