करप्याच्या बिनलेबल औषधापासून सावध राहा

कोरेगाव, खटाव, साताऱ्याकडं ज्यांनी घरामागं बटाटा टोमॅटो लावलाय त्यांनी हे वाचाच. एकजण मोटारसायकलवर करप्याच्या, म्हणजे पानं काळी पाडून सडवणाऱ्या रोगाच्या, औषधाच्या पांढऱ्या बाटल्या घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरतोय, शंभर टक्के जैविक आहे म्हणतो आणि करपलेली पानं आठ दिवसांत परत हिरवी होतील असं छातीठोक सांगतो. आमच्या आईनं दोन बाटल्या घेतल्या, बाराशे रुपये रोख, पावती नाही. फवारलं आणि नेमकं ऊन पडलं, करपा जरा थांबला, आईला वाटलं गुण आला, तिचं बघून शेजारच्या काकूंनीपण घेतलं. मग परत झड लागली आणि बघता बघता टोमॅटो काळा पडला, फळांवर तपकिरी डाग, बटाट्याचा पाला सडून खाली बसला, काढले तर निम्मे बटाटे आतून तांबूस आणि वास मारणारे. आईनं एवढ्या मायेनं लावलेलं सगळं गेलं. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

करपलेलं पान कुठल्याच औषधानं परत हिरवं होत नाही, तेवढा भाग मेलेला असतो, औषध फक्त उरलेला पाला वाचवतं. त्यामुळं असं कुणी म्हणाला की तो खोटं बोलतोय. उशिरा येणारा करपा थंड, ढगाळ, ओल्या हवेत पसरतो, सकाळी पान उलटं केलं की पांढरी बुरशी दिसते, आणि कोरडं ऊन पडलं की आपोआप मंदावतो, ह्याचाच फायदा ही माणसं घेतात. 1845 ला आयर्लंडमध्ये ह्याच रोगानं बटाटा गेला आणि पुढच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, इतका वाईट रोग आहे हा.

ढगाळ हवा दिसली की रोग यायच्या आधीच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम घेऊन फवारा, आणि फवारल्यावर तोडणीला किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघा, घरची पोरं खाणार आहेत. बटाट्याला मातीची भर चांगली लावा, पाणी बुडाशीच द्या, पानांवर नको.

बाटलीवर नोंदणी नंबर, बॅच, तयार केल्याची तारीख, मुदत आणि विषाचं रंगीत चिन्ह पाहिजेच, 1968 च्या कीटकनाशक कायद्यात नोंदणी सक्तीची आहे, जैविक कीडनाशकालासुद्धा. दुकानातून पक्कं बिल घ्या. तुम्ही त्या माणसाकडून घेतली असेल तर उरलेली बाटली टाकू नका, तशीच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं न्या आणि लेखी तक्रार द्या, आम्ही दिलीय.