उभादांड्याचं घर: खोली साधी, जेवण फर्मास, मांजरं आपल्या मर्जीची

आधी व्यवहाराचं. वेंगुर्ल्याला लागून उभादांडा, तिथे माडांत एक कौलारू घर. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, पाहुण्यांसाठी दोन खोल्या. एसी नाही, टीव्ही नाही, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. खोलीचे हजार रुपये, जेवण वेगळं. घराचं नाव देत नाही, कारण मालकीणकाकींनी निघताना बजावलं, "नाव घालू नको गो, लोकांची रीघ लागतली, माजरांका तरास." नंबर हवा असेल त्याने मला वेगळं विचारा.

मी डोंबिवलीची. ठाण्यात एका कर सल्लागाराकडे नोकरी. जीएसटीचं तीन-बी हे दरमहाचं विवरणपत्र भरायची मुदत वीस तारखेपर्यंत, आणि क्लायंटांना बिलं आठवतात एकोणीसला. त्या आठवड्यात झोपेत माझा जबडा आवळलेला असतो, सकाळी कानामागे ठणका. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि चार दिवस कुठेतरी जाऊन या म्हणाले. मांजरांमुळे मन निवतं असं मैत्रीण सांगत होती, म्हणून शहरातला एक मांजरांचा कॅफेही करून झाला होता. तिथे तासावर पैसे. मांजरं कपाटावर चढून बसलेली, आम्ही सगळे खाली माना वर करून उभे, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मीटर चालू असताना शांत व्हायचं कसं, ते मला तरी कळलं नाही.

इथे पाच मांजरं आहेत आणि त्यांतलं एकही पाहुण्यांसाठी ठेवलेलं नाही. तांदळाच्या पोत्यांना आणि सुक्या मासळीला उंदीर लागतात, म्हणून कोकणात घरोघरी असतात तशी ती आहेत. पिवळा बोका सरपंच, त्याचा एक कान फाटका. राखाडी भुरी. बाकीची तिची पिल्लं, आता चांगली मोठी झालेली. पहिल्या दिवशी पडवीत बसून मी चुकचुक करत राहिले, एकानेही ढुंकून पाहिलं नाही. काकी आतून म्हणाल्या, "बोलवू नको गो तेका. येवचा आसात तर येतला."

हे नुसतं म्हातारीचं शहाणपण नाही. मांजर-माणूस नात्यावर आयुष्यभर काम केलेले स्वित्झर्लंडचे डेनिस टर्नर यांच्या निरीक्षणातही हेच आलं: माणसाने पुढाकार घेतला तर भेट लवकर संपते, मांजराने घेतला तर लांबते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी बाकावर लवंडले होते, तेव्हा सरपंच आला. आधी पोटावर पंजे चेपून जागा तपासली, मग सगळं वजन टाकून दिलं. घुरघुर सुरू झाली. ही घुरघुर साधारण २५ ते १५० हर्ट्झची असते, म्हणजे कानापेक्षा बरगड्यांनाच जास्त ऐकू येते. त्याने हाडं जुळतात वगैरे जे फॉरवर्ड फिरतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. एवढं सांगते की उठता येत नव्हतं, फोन खोलीत वाजत होता, आणि तो घ्यायला न जाण्याचं सबळ कारण अंगावर झोपलेलं होतं. ऑफिसमध्ये असं कारण मला कधी मिळालेलं नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं प्रत्यक्ष कुरवाळणाऱ्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी आढळलं; लांबून नुसतं बघणाऱ्यांना तेवढा फायदा नाही. म्हणजे इन्स्टावर मांजरांचे व्हिडिओ बघून भागत नाही. पण मला जास्त पटलं ते टर्नर आणि सहकाऱ्यांचं २००३चं निरीक्षण: मांजर वाईट मनःस्थिती हलकी करतं, चांगली मनःस्थिती मात्र वाढवत नाही. अगदी तसंच. मला तिथे आनंदबिनंद झाला नाही. जबडा सुटला, बस्स. रक्तदाब किती उतरला विचाराल तर सांगता येणार नाही. यंत्राच्या पिशवीवर भुरीने बिऱ्हाड केलं आणि मी तिला उठवलं नाही. गोळी रोज घेतली. मांजर काही गोळीऐवजी घ्यायची गोष्ट नाही.

भुरी अंगाला लागत नाही. समोर बसून डोळे अर्धे मिटते, हळूच उघडते. आपणही तसंच करायचं. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं की असं सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसाकडे मांजर जास्त खुशीने येतं. भुरीने ते वाचलेलं नसावं, ती जागची हलली नाही. तरी काही न बोलता कुणाशी तरी इतका वेळ बसायची सवयच मोडली होती माझी.

आता जेवण, ज्यासाठी मी मांजरं नसती तरी गेले असते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं किंवा सुका बांगडा. दुपारी बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार, उकडा भात, सोलकढी. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, काय लागलं त्यावर तळलेलं ठरतं. एक दिवस पेडवे होते, काट्यासकट खाल्ले. पानाजवळ एकही मांजर येत नाही, कारण त्यांचं ताट मागीलदारी असतं: भातात शिजवलेली माशांची डोकी. पाहुण्यांनी त्यांना दूध घालायचं नाही, ही काकींची सक्त ताकीद. बरोबरच आहे, मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीच्या किसमुरावर आणि डाळीवर भागवायची तयारी ठेवा.

तक्रारी आहेत. न्हाणीघर बाहेर, रात्री टॉर्च लागतो. चादरीवर केस असतात, झटकले तरी. पहाटे एका पिल्लाने उशाशी अर्धी पाल आणून ठेवली; काकी म्हणाल्या मान दिला, मला तो नको होता. मांजरांच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाने ज्यांना शिंका-दमा होतो, त्यांनी येऊच नये, कुठलंही औषध घेऊन भागणार नाही इतकी ती घरभर आहेत. गरोदर बाईने मांजरांच्या विष्ठेपासून लांब राहावं, त्यातून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण होऊ शकते. रेबीजच्या लशीचं विचारलं तर काकींनी डब्यातून कार्डं काढून दाखवली. तुम्हीही विचारा, त्यांना राग येत नाही. ओरखडा आलाच तर साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा, हळद चोपडून बसू नका.

मुलांना घेऊन जाणार असाल तर ज्यांना मांजराची शेपटी ओढल्याशिवाय राहवत नाही अशांना नेऊ नका. पाचपैकी चार तारे. एक न्हाणीघराने खाल्ला, पालीला मी माफ केलंय. दादरहून तुतारी एक्स्प्रेसने कुडाळ, पुढे एसटी किंवा रिक्षा. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या दिवसांत गाडीचं आरक्षण पटापट संपतं, तेव्हा खोलीच्या आधी तिकिटाचं बघा.