इरविकुलम आणि पांपाडुम शोला: मुन्नारची दोन राष्ट्रीय उद्यानं, मुलाबाळांसह

पुण्या-मुंबईहून मुन्नारला जाणारी बहुतेक कुटुंबं इरविकुलम शनिवारी दुपारी उरकतात, आणि तिथेच फसतात. कोचीच्या नेडुंबश्शेरी विमानतळापासून मुन्नार साधारण 110 किलोमीटर आहे. घाटामुळे गाडीला चार तास लागतात. म्हणजे सकाळचं विमान घेतलं तरी फाटकाशी पोचेपर्यंत दुपार होते. तोवर तिकिटाची रांग लांबलेली असते, बसची वेगळी रांग लागलेली असते आणि वर धुकं उतरायला लागलेलं असतं. उद्यान रविवारी सकाळी पहिल्या बसला ठेवा आणि सुट्टीला एक सोमवार जोडा. दोन दिवसांत हे बसत नाही.

इरविकुलमचं क्षेत्र 97 चौरस किलोमीटर, राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1978 पासून. पर्यटकांना मात्र त्यातला राजमलैचा एक कोपराच खुला आहे. मुन्नारहून मरयूरच्या रस्त्याने 8-9 किलोमीटरवर फाटक लागतं. खासगी गाडी तिथेच लावायची. पुढे वनखात्याची बस चहाच्या मळ्यांतून वर सोडते आणि मग डांबरी रस्त्याने दीडेक किलोमीटर चढ चालायचा. बस्स, एवढंच. जीप सफारी, मचाण असलं काही नाही. ताडोब्याच्या अपेक्षेने आलेल्यांची निराशा होते. ‘नुसता रस्ता चालवला’ ही तक्रार त्यांचीच.

पण या रस्त्यावर जे दिसतं ते दुसरीकडे इतक्या जवळून सहसा दिसत नाही: नीलगिरी ताहर, म्हणजे डोंगरकड्यांवरची रानबकरी. जगात ती फक्त केरळ-तमिळनाडूच्या घाटमाथ्यावर उरली आहे आणि तिचा सर्वांत मोठा कळप याच उद्यानात आहे. इथल्या ताहरांना माणसांची भीती राहिलेली नाही, रस्त्याच्या कठड्याला लागून निवांत चरतात. मुलांना नर ओळखायला शिकवा: अंग काळपट तपकिरी आणि पाठीवर खोगीर टाकल्यासारखा चंदेरी पट्टा. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात, त्यामुळे नुसत्या शिंगांवरून फसाल. वेफर्सची पिशवी मात्र बाहेर काढू नका. प्लास्टिकला बंदी आहे आणि खाण्याची चटक लागलेलं जनावर पुढच्या माणसाच्या अंगावर येतं.

समोर दिसणारा आनमुडी 2,695 मीटर उंच आहे, हिमालयाच्या दक्षिणेला भारतात त्याहून उंच शिखर नाही. त्यावर जायची परवानगी मिळत नाही, गळ घालण्यात वेळ दवडू नका. पिल्लांच्या जन्माच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असतं. तारखा थोड्या मागेपुढे होतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा. प्रवेशाचं तिकीटही तिथेच काढा. परदेशी पासपोर्टवाल्यांचा दर वेगळा आणि बराच जास्त असतो, अमेरिकेहून आलेली भाचरं सोबत असतील तर हिशेब आधीच करा.

नीलकुरिंजीचं, म्हणजे बारा वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या निळ्या फुलांच्या झुडपाचं म्हणाल तर इथला बहर 2018 मध्ये येऊन गेला, आता थेट 2030. आपल्याकडची सात वर्षांनी फुलणारी कारवी हिचीच भावंडं. मधल्या वर्षांत कुणी ‘कुरिंजी दाखवतो’ म्हणालं तर ती दुसरीच एखादी जात असू शकते.

आजी-आजोबांना चढ जमतो, फक्त सावकाश. उंची 2,000 मीटरच्या आसपास असल्याने धाप लागते. वारा बोचरा आणि ऊन कडक, त्यामुळे स्वेटर आणि टोपी दोन्ही हवेत. स्वच्छतागृह फाटकापाशीच उरकून घ्या.

खरं जंगल हवं असेल तर पांपाडुम शोला. क्षेत्र जेमतेम 1.3 चौरस किलोमीटर, पण मुलांना शोला म्हणजे काय ते इथेच कळतं: बुटकी, वाकडीतिकडी, शेवाळाने लपेटलेली झाडं आणि आत भर दुपारी अंधार. मुन्नारहून माट्टुपेट्टी, कुंडला, टॉप स्टेशन करत सुमारे 35 किलोमीटर. वट्टवडाला जाणारा रस्ता उद्यानातूनच जातो. रस्त्यात हत्ती किंवा गवा आला तर गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. आतली पायवाट वनखात्याच्या गाइडसोबतच करावी, आणि त्याची चौकशी आदल्या दिवशी मुन्नारमध्येच करून ठेवावी. पावसाळ्यात जळवा असतात, तेव्हा पँट मोज्यात खोचा, मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा. चिकटलेली जळू ओढून काढू नका, नखाने बाजूने सरकवून सोडवा.

टॉप स्टेशनच्या नावावर जाऊन तिथे रेल्वे शोधू नका. इथून चहा रोपवेने खाली जायचा आणि मुन्नारहून इथपर्यंत छोटी रेल्वे होती. ती 1924 च्या पुरात वाहून गेली.

आमचं मत: वेळ एकाच उद्यानासाठी असेल आणि मुलं दहाच्या आतली असतील तर इरविकुलम, कारण तिथे प्राणी दिसण्याची खात्री जास्त. मोठी, चालणारी मुलं असतील तर पांपाडुम. दोन्ही एका दिवसात करायची तर इरविकुलमची पहिली बस धरा, अकराच्या आत खाली या आणि टॉप स्टेशनचा रस्ता पकडा. अंधार पडायच्या आत जंगलातल्या रस्त्यावरून परत निघालेलं बरं.

घाटात मुलांना उलट्या होतात. अॅव्होमिनसारखी गोळी द्यायची तर वयानुसार डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी अर्धा-पाऊण तास, गाडी वळणाला लागल्यावर नाही. कोची-मुन्नार रस्त्यावरच्या अडिमालीच्या बाजूला पावसात दरडी कोसळतात, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये परतीचं विमान संध्याकाळी सहाच्या आधीचं घेऊ नका.