जुनी सायकल घेताना: दुरुस्त करून चालवायला कोणती, मोटर बसवायला कोणती?

जुन्या बाजारात कमी पैशांत साधारण चार प्रकारच्या सायकली हाती लागतात: काळी २८ इंची रोडस्टर, २६ इंची बिनगिअरची साधी सायकल, २१ गिअरची शॉकअपवाली आणि फायरफॉक्स किंवा डेकॅथलॉनसारख्या ठिकाणची हायब्रिड. दुरुस्त करून पायांनी चालवायला जी सर्वांत चांगली, ती मोटर बसवायला बहुधा सर्वांत वाईट निघते. म्हणून मोटर बसवायची की नाही हे सायकल बघायला जाण्याआधीच ठरवा. नंतर मन बदललं तर चाकं, चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) आणि ब्रेक असा तिहेरी खर्च पुन्हा होतो.

रोडस्टर

हिरो, अ‍ॅटलास, एव्हॉन यांच्या दांडीच्या काळ्या सायकली. नुसती दुरुस्ती करायची असेल तर हिच्यासारखी सायकल नाही. फ्रेम पोलादी, त्यामुळे मोडली तरी गावातला वेल्डर सांधतो. सुटे भाग बहुतेक लुधियानाचे आणि सगळ्यांचे माप जवळपास एकच, म्हणून हिरोचा भाग अ‍ॅटलासला सहसा बसतो. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी त्या सायकलींचं काम अडत नाही ते याचमुळे.

पूर्ण खोलून काम करायचं तर पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) प्रत्येक बाजूला ३/१६ इंची १० छर्रे आणि मागच्या हबला प्रत्येक बाजूला १/४ इंची ९ छर्रे धरा. छर्रे नेहमी पूर्ण संच बदला. जुन्यात नवे मिसळले की मापातल्या बारीक फरकाने सगळा भार दोन-तीन छर्‍यांवर येतो आणि कोनाला (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटाला) खड्डे पडतात. कोनावर बोट फिरवा. खड्डा लागला तर ग्रीस बदलून काही साधणार नाही, कोन बदला.

पेडल मारताना प्रत्येक फेर्‍यात एकदा ‘टक’ वाजत असेल तर दोष बहुधा कॉटरचा, म्हणजे पेडलची दांडी (क्रँक) घट्ट धरणार्‍या पाचरीचा असतो. कॉटर झिजला की क्रँक अ‍ॅक्सलवर किंचित हलतो, आणि ठोकून घट्ट केला तर चार दिवसांत पुन्हा सैल होतो. दोन्ही कॉटर नवे घ्या, दोघांची सपाट बाजू सारखीच घासा आणि एकमेकांच्या उलट दिशेने बसवा. उतार कमी-जास्त झाला तर दोन्ही पेडलं एका रेषेत राहत नाहीत आणि गुडघ्याला ते लगेच जाणवतं.

रॉड ब्रेक, म्हणजे तारेऐवजी सळ्यांनी ओढला जाणारा ब्रेक, हा हिचा खरा कमकुवत भाग आहे. पोलादी रिम ओली झाली की ब्रेक निम्माही लागत नाही. कोकणात किंवा घाटाच्या उतारावर रोज जायचं असेल तर ही गोष्ट किमतीपेक्षा मोठी माना.

मोटरसाठी मात्र रोडस्टर टाळा. कारणं तीन. पहिलं कारण मापाचं. हिचा टायर २८ × १½, म्हणजे रिमचं माप ६३५ मिमी. हब मोटरच्या (चाकाच्या मध्यभागीच बसवलेल्या मोटरच्या) किटमध्ये ‘२८ इंची’ म्हणून येतं ते चाक ६२२ मिमीचं असतं. टायर बसत नाही आणि ब्रेकची गुटकीही रिमच्या जागी येत नाहीत. दुसरं, चिमट्याच्या खाचा अरुंद असतात. मोटरचा अ‍ॅक्सल १२ मिमीचा, दोन्ही बाजूंनी १० मिमीपर्यंत सपाट केलेला. तो बसवण्यासाठी खाच बरीच घासावी लागते आणि नेमकी जोर पेलणारी जागाच पातळ होते. तिसरं, ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर रॉड ब्रेकला लागत नाहीत.

२६ इंची, बिनगिअरची

मोटर बसवायची असेल तर आमची पहिली पसंती हीच, पण अटींसह: पोलादी फ्रेम, साधा म्हणजे शॉकअप नसलेला चिमटा आणि दोन्ही चाकांना व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे तारेचे ब्रेक). अशी सायकल शाळा-कॉलेज सोडलेल्या मुलांच्या घरी जिन्याखाली पडलेली असते. दीड ते अडीच हजारांपर्यंत द्यायला हरकत नाही, त्यापुढे जाऊ नका.

इथेही मापाचा सापळा आहे. ‘२६ इंची’ दोन प्रकारची असते. टायरवर २६ × १.७५ किंवा २६ × २.१२५ असं दशांशात लिहिलं असेल तर रिम ५५९ मिमीची. लेडीज सायकलींवर बहुतेक वेळा २६ × १⅜ असतं, त्याची रिम ५९० मिमीची. टायर एकमेकांना बसत नाहीत. किटचं २६ इंची चाक ५५९ चं असतं. टायरच्या कडेला ‘४७-५५९’ किंवा ‘३७-५९०’ असे आकडे छापलेले असतात. इंचांपेक्षा तेच वाचा.

पुढच्या चिमट्याच्या दोन पात्यांमधलं आतलं अंतर १०० मिमी हवं. मागे बिनगिअरच्या फ्रेमला ११० ते १२० मिमी जागा असते आणि मागची हब मोटर १३५ मिमी मागते, त्यामुळे या सायकलीला मोटर पुढेच बसवा. पोलादी फ्रेम पसरवता येते, पण मग चेनची रेषाही बदलते. पुढे २५० वॅटची गिअरवाली हब मोटर आणि सोबत टॉर्क आर्म, म्हणजे मोटरचा दांडा चिमट्याला जखडणारी पोलादी पट्टी, लावा. मोटर जोर देते तेव्हा अ‍ॅक्सल उलटा फिरू पाहतो. टॉर्क आर्म नसेल तर नट सैल होतात, अ‍ॅक्सल खाचेत फिरतो आणि वायर पिळून तुटते. चाक निखळलं तर माणूस तोंडावर पडतो, म्हणून या पट्टीत काटकसर करू नका.

दुसरा पर्याय पेडलजवळ फ्रेमला पकडून लावायची २४ व्होल्ट २५० वॅटची मोटर. तिच्या आतच गिअर असल्याने ती चढावर चांगली ओढते आणि किटही स्वस्त असतं. पण आवाज जास्त, आणि ब्रॅकेट जरा सरकला की चेन उतरते. उतरलेली चेन आर्‍यांत अडकली तर मागचं चाक जागीच थांबतं. चेनला मध्यभागी १० ते १२ मिमी ढील ठेवा आणि पहिल्या आठवड्यात बोल्ट रोज तपासा.

२१ गिअरची शॉकअपवाली

दिसायला सर्वांत भारी, आणि या चौघींत सर्वांत जास्त निराश करणारी. स्वस्त शॉकअप चिमटा दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतो आणि फक्त वजन तेवढं उरतं. मागेही शॉकअप असेल तर सायकल घेऊच नका. फ्रेममध्ये बॅटरीला जागा नसते, सांध्यातले बुश झिजतात आणि मापाचे बुश मिळत नाहीत.

पुढचाच शॉकअप असेल तर चिमट्याच्या टोकाला चुंबक लावा. चिकटला नाही तर ते टोक अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचं ओतीव आहे. त्यात पुढची हब मोटर कधीच लावू नका. ओतीव धातू वाकण्याआधी सरळ तुटतो. मागे १३५ मिमी जागा असेल तर मागची मोटर बसते आणि गिअरही राहतात.

गिअरवाली सायकल घेताना चेन मोजा. २४ कड्या ताणून मोजल्यावर ३०४.८ मिमी भरायला हव्यात. ३०६.५ च्या पुढे गेल्या तर चेन बदला. ३०८ झाल्या असतील तर फ्रीव्हीलही (मागची दातेरी चक्रं) गेलं असं समजा, नवी चेन त्यावर घसरेल. हा खर्च किमतीतून वजा करून बोला.

हायब्रिड

मागचं माप १३५ मिमी, रिम ६२२ मिमी, ब्रेक व्ही किंवा डिस्क, फ्रेममध्ये बॅटरीला भरपूर जागा. पायांनी चालवायलाही ती हलकी. अडचण एवढीच की चांगल्या स्थितीतली हायब्रिड स्वस्तात सुटत नाही. सहा-सात हजारांत मिळाली आणि फ्रेम निर्दोष असेल तर मागची मोटर लावायला ही साध्या २६ इंचीपेक्षाही उजवी.

बॅटरीचा हिशेब

३६ व्होल्ट १० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. हलकं पेडल मारत गेलं तर किलोमीटरला १२ ते १५ वॅट-तास लागतात, म्हणजे २४ ते ३० किलोमीटर. कात्रजसारख्या चढावर हे गणित कोसळतं. हब मोटरमधले नायलॉनचे गिअर कमी वेगात जोर लावला की तापतात, म्हणून चढावर पेडल मारत वेग ताशी १० किलोमीटरच्या वर ठेवा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्त पडते, पण १२ व्होल्टच्या दोन बॅटर्‍यांचं वजन सात-आठ किलो होतं आणि निम्म्याहून जास्त वापरली तर ती लवकर मरते. बॅटरी कुठलीही असो, कॅरिअरवर नको. मागे उंचावर वजन गेलं की हँडल थरथरतं आणि मागचे आरे तुटू लागतात. फ्रेमच्या त्रिकोणात बसवा.

किट आणि बॅटरीवर सहज पंधरा हजार जातात. सायकलीची किंमत आणि दुरुस्ती धरून एकूण आकडा पंचवीस हजारांच्या पुढे जात असेल तर वॉरंटी असलेली तयार ई-सायकल घेणं शहाणपणाचं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच नोंदणी-लायसन्समधून सूट मिळते. ३५० वॅटची किटं खुलेआम विकली जातात, पण ती या सुटीत बसत नाहीत. वर सांगितलेली २५० वॅटची मोटरही नेमकी सीमेवर येते, म्हणून तिची नोंदवलेली शक्ती २५० च्या खाली आहे ना, हे घेण्याआधी बघा. पेट्रोल इंजिनचं किट लावलं की ते सरळ मोटार वाहन होतं, आणि घरी बनवलेल्या अशा वाहनाची नोंदणी करून घेणं व्यवहारात अशक्य. ते सोडून द्या.

पैसे देण्याआधी

हँडलच्या नळीमागे, खालच्या दांडीच्या पोटाला बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती असेल तर सायकल समोरून आपटलेली आहे. मागच्या एका खाचेला दोरा बांधून हँडलच्या नळीभोवती फिरवून दुसर्‍या खाचेला ताणा. सीटच्या नळीपासून दोर्‍याचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम वाकडी आहे. सीटचा दांडा वर-खाली होतो का बघा, पोलादात गंजून अडकलेला दांडा काढताना फ्रेमच फाटते. चाकाचा आउट (फिरताना होणारी डगमग) निघतो, पण रिमला खोल पिचका असेल तर रिम बदलावी लागते.

सायकल उलटी करून पेडलच्या अ‍ॅक्सलखाली कोरलेला फ्रेम नंबर वाचा. पुण्याच्या जुन्या बाजारात घ्या किंवा शेजार्‍याकडून, विकणार्‍याकडून नाव, तारीख आणि तो नंबर लिहिलेला कागद सहीसह घ्या. नंबर घासून काढलेला असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती सायकल तिथेच ठेवा.